बाटली भरणाऱ्याची चूक

गेल्या जूनमध्ये मी एका अहवालावर एक ओळ लिहिली. ती खोटी होती, आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

मी मलकापूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत माती आणि पाणी तपासते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर लगेच तिथे लागले. त्या जूनच्या आधीच्या जानेवारीत आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवरून हरिबा नावाचे शेतकरी विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन आले होते. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. आता एक एकर डाळिंब लावायचं होतं आणि हे पाणी चालेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पाण्यातलं क्लोराइड मोजताना नमुन्यात थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडतात. दर्शक घालून पिवळं केलेलं पाणी विटकरी झालं की थांबायचं. पाणी फार खारट असेल तर ते आधी दहापट पातळ करून घेतात आणि शेवटी आलेला आकडा दहाने गुणतात. त्या दिवशी तीस नमुने होते. हरिबांचं पाणी मी पातळ केलं. गुणायचं राहिलं. खारटपणा लगेच दाखवणारा मीटर त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता, त्यामुळे चूक तिथेही अडली नाही. अहवालात गेलं एकशे बेचाळीस. खरं होतं चौदाशे वीस. खाली 'डाळिंबास योग्य' असं लिहून मी सही केली.

फेब्रुवारीत रोपं लागली. मे महिन्यात पानांच्या कडा करपायला लागल्या. जूनपर्यंत तीनशे रोपांतली चाळीसेक उरली. हरिबा नवीन नमुना घेऊन पुन्हा आले. या वेळी मी गुणलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि मला कळलं. बरोबर दहापट फरक विहिरीत पडत नाही, वहीत पडतो.

"काय झालं असेल?" प्रयोगशाळेचे मालक उदयसिंह सर म्हणाले.

"पहिल्या बाटलीत आधीचं गोडं पाणी राहिलं असेल," मी म्हणाले.

"मग तसं लिहून दे."

मी लिहिलं, 'पहिला नमुना सदोष पद्धतीने घेतलेला.' हरिबांनी कागद दोन्ही हातांत धरून सावकाश वाचला.

"म्हंजे चूक बाटली भरणाऱ्याची?"

मी मान डोलावली. ते "बरं" म्हणाले आणि गेले.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत माझ्या हातून कामात एकही चूक झाली नाही. प्रत्येक आकडा दोनदा तपासायचा, प्रत्येक गुणाकार दुसऱ्याकडून पाहून घ्यायचा. मला वाटत होतं, भरपाई अशीच होत असते.

आमच्या कुंडलला माघात सप्ताह असतो. सात दिवस देवळात पोथीचं पारायण चालतं आणि घरटी एक वाचक बसावाच लागतो. आमच्या घरून माझे चुलते नाथाजी बसतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. चोवीस वर्षं फौजेत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. यंदा सप्ताहाच्या चार दिवस आधी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाचायला बंदी केली. रंगूकाकीचा फोन आला.

"शिवू, रजा काढून ये. घराचं आसन मोकळं ऱ्हाईल न्हाईतर."

"तूच बस की, काकी."

"मला चष्मा लागत न्हाई, पर अक्षर बी लागत न्हाई."

मी आठ दिवसांची रजा काढली. पहिल्या सकाळी देवळात पाटावर बसले तेव्हा पारायण चालवणारे आप्पासो समोरून म्हणाले, "नाथाजीची बदली आली का? तू तरी येळेत संपव गं. तुजा चुलता दरसाल आमी अठराव्यात पोचलो तरी सोळाव्यात असतोय. गेल्या साली परसाद वाटून झाला तरी गडी उठंना."

सगळे हसले. मला वाटलं, तात्यांचं वाचन धिमं असेल. घरी येऊन विचारलं, तर काळा चष्मा लावून कॉटवर बसलेल्या तात्यांच्या आधी काकीनेच सांगायला घेतलं.

"रिटायर हून आले आन पोथी हातात घितली. रोज वाचायचं आन मान वर करून म्हणायचं, हे बघ, हे आपल्या दादाला लागू हाय, आन हे सोसायटीच्या चेरमनला. दोन वर्सं ऐकलं मी. मग एक दिस म्हणलं, आवं, पोथी वाचताय का पंचनामा करताय?"

"तवापासनं नेम केलाय," तात्या म्हणाले. "वाचताना दुसऱ्या कुणाचं त्वांड दिसलं की पान पयल्यापासनं. परेडमध्ये एकाचा पाय चुकला की अख्खी पलटण परत पयल्यापासनं चालती. तसंच."

"आणि पान संपतं?"

"बाकीची संपत्यात. सोळाव्यातलं एक संपत न्हाई. आपरेशनच्या आदी सव्वा म्हैना तितंच हुतो."

सोळाव्या अध्यायात माणसातल्या चांगल्या गुणांची आणि वाईट गुणांची वर्णनं आहेत. भीती नसणं, सरळपणा, दुसऱ्याचं उणं न काढणं एका बाजूला. ढोंग, ताठा, लोभ, कठोर बोलणं दुसऱ्या बाजूला. ते वाचताना माणसं आठवणार हे उघड आहे. पण तात्यांचा नेम मला आवडला. अट स्पष्ट होती आणि निकाल मोजता येत होता. मी म्हणाले, रोज दुपारी ते पान मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवते. नेम दोघांनीही पाळायचा. ज्याला दुसऱ्याचं तोंड दिसेल त्याने 'मागं' म्हणायचं.

पहिल्या दुपारी तासाभरात मी चौदा वेळा मागे गेले. मी वहीत खुणा केल्या. माणसं नऊ. उदयसिंह सर पाच वेळा. माझा प्रकल्प उतरवून काढणारी कॉलेजातली मैत्रीण दोन वेळा. आप्पासो एकदा. तात्या फक्त तीन वेळा 'मागं' म्हणाले. कोण दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाले, "ते सांगितलं तर चहाडी झाली. मग आनकी एकदा मागं."

दुसऱ्या दिवशी माझ्या खुणा नऊवर आल्या, तिसऱ्या दिवशी सहावर. पेन्सिलीचा आवाज ऐकून तात्यांनी विचारलं, "नोंद कुणासाटनं ठिवतीस?"

"कमी होतायत का ते बघायला."

"आन कमी झाल्यावर?"

मी पेन्सिल थांबवली.

"शाबासकी घेशील," ते म्हणाले. "ती बी ह्याच पानावर लिवलीय, ताठ्यात. वाच म्होरं."

मी वही मिटली.

चौथ्या दुपारी काकी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. मी सरळपणाच्या वर्णनापर्यंत आले आणि मला हरिबा दिसले, कागद दोन्ही हातांत धरलेले. मी "मागं" म्हणाले आणि पुन्हा सुरुवात केली. त्याच जागी पुन्हा तेच. पाचव्या की सहाव्या वेळी तात्यांनी हात वर केला.

"कोण येतंय?"

"एक शेतकरी. माझ्या कामातले."

"त्येचं काय चुकलंय?"

"काही नाही."

"काय चुकलं न्हाई, तर मग मागं का चाललीस? मागं जायाचं ते दुसऱ्याची चूक दिसली तर." ते थोडं थांबले. "हितं दुसऱ्याची चूक न्हाई दिसत तुला."

मी पोथी मिटून मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. पातळ केलेलं पाणी, राहून गेलेला गुणाकार, दहापट, ती ओळ. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.  काळ्या चष्म्यामुळे तात्या कुठे बघतायत ते कळत नव्हतं.

"त्या गड्याला म्हाईत हाय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

काकीचे हात केव्हाचे थांबले होते. "आन बाटली कुणी भरली हुती गं?"

"त्यांनीच असेल."

"असंल?" काकी म्हणाली. "घरात पाणी कोण भरतं, शिवू?"

हे माझ्या डोक्यात आठ महिन्यांत एकदाही आलं नव्हतं. मी धरून चालले होते, की ती ओळ जास्तीत जास्त हरिबांना लागली असेल, आणि ते समजूतदार वाटले होते. ओळ कागदावरून पुढे कुठे गेली असेल, याचा मी विचारच केला नव्हता.

"समाप्ती झाली की जाऊन येते," मी म्हणाले. "मधूनच उठले तर आसन मोकळं राहील."

"समाप्ती झाली की तू मलकापूरला जाशील," काकी म्हणाली आणि सूप बाजूला सारलं.

तात्या म्हणाले, "आसनावर मी बसतो. वाचायला बंदी हाय, ऐकायला न्हाई. आप्पासोला काय सांगायचं ते माजं मी बघतो. तू सकाळची गाडी धर."

दुसऱ्या दिवशी मी कुंडलहून विट्याला, विट्याहून आटपाडीला आणि तिथून वडापच्या जीपने वाडीवर गेले. पत्ता प्रयोगशाळेच्या नोंदीतून मिळाला होता. वाटेत मी बोलायची वाक्यं मनात लिहीत होते. चार वेळा लिहिली. चारही वेळा सुरुवात तीस नमुन्यांपासून आणि दुरुस्तीला गेलेल्या मीटरपासून झाली.

घर सापडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पत्र्याचं छप्पर, दारात दोन कोकरं, आणि लिंबाच्या सावलीत तुरी पाखडणारी एक बाई. पन्नाशीपुढची असावी.

"कोण गं तू?"

"मलकापूरच्या प्रयोगशाळेतली. तुमच्या विहिरीचं पाणी मी तपासलं होतं. तुम्ही हरिबांच्या..."

"मी धोंडुबाय. त्येंची मंडळी." सूप तिच्या हातात तसंच राहिलं. "आता आनि काय निगालं?"

"पहिली बाटली कोणी भरली होती?"

"मीच की." मग न विचारताच ती पुढे बोलत गेली, हे तिने पुष्कळदा बोललेलं असावं अशा सपाट आवाजात. "तीनदा इसळली हुती. दोनदा साध्या पाण्यानं, एकदा इहिरीच्याच पाण्यानं. ह्येनी कागद वाचून सांगितलं हुतं तसंच. टोपान घट लावलं. कवा बी इचार, हेच सांगन. पर ऐकतंय कोण?"

नमुना असाच घ्यायचा असतो. आमच्या सूचनापत्रकात तेच छापलेलं आहे.

"हरिबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"मला काय म्हणत्यात? देवळात म्हणलं, भावकीत. आमच्या मंडळीनं बाटली न्हाई धुतली, तीनशे झाडं गेली. तवापासनं औषिद मिसळायचं न्हाई, बी भिजवायचं न्हाई, मी काय पाजलं तर कोकरू बी दोनदा बघत्यात. भावकीत कुणाचं दूध नासलं तरी इचारत्यात, धोंडुबायनं हात लावला हुता का? हसायला झालंय लोकास्नी."

मी सुरुवात केली. "त्या दिवशी आमच्याकडे तीस नमुने होते, आणि मीटर दुरुस्तीला..."

"कारणं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चूक कुणाची?"

"माझी."

तिने सूप खाली ठेवलं. तुरीवरून हात फिरवून तिने त्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "तुला कवा कळलं?"

हा प्रश्न मी वाटेत एकदाही स्वतःला विचारला नव्हता. "जूनमध्ये. त्याच दिवशी. ती ओळ लिहायच्या आधी."

 त्या भागात दारी आलेल्याला पहिल्यांदा पाण्याचा तांब्या देतात. तिने दिला नाही. मला तो मागताही आला नसता.

"मला सांगून काय उपेग?" ती उठत म्हणाली. "मला म्हाईतच हुतं. चल."

देवळाच्या पारावर सहासातजण बसले होते. हरिबा एका कडेला होते. त्यांनी मला ओळखलं आणि ते अर्धवट उठले. त्यांच्या शेजारचा एक सडपातळ माणूस आम्हाला बघून म्हणाला, "या वयनी. पावनी कोण? पावनीला च्या तुमी नका करू म्हंजे झालं."

दोघेतिघे हसले. धोंडुबाई त्यांच्याकडे वळली नाही. "ह्यो कोंडीबा," तिने मला सांगितलं. "ह्येला नीट ऐकू जाईल असं बोल."

मी पारासमोर उभी राहून बोलले. पाणी मीच तपासलं. आकडा दहाने गुणायचा होता, मी गुणला नाही. त्यामुळे खारट पाणी चांगलं म्हणून गेलं. जूनमध्ये ते मला कळलं, तरी मी चूक बाटली भरणाऱ्याची आहे असं लिहून दिलं. ते खोटं होतं. बाटली स्वच्छ होती. धोंडुबाईंनी नमुना जसा घ्यायला हवा तसाच घेतला होता.

तीस नमुने आणि मीटर या वेळी तोंडात आले नाहीत.

 कोंडीबाने पायातली वहाण काढून उगाच झटकली आणि पुन्हा घातली. एक म्हातारा म्हणाला, "शिकल्याली पोर असून..." आणि पुढचं गिळलं. हरिबा माझ्याकडेच बघत होते, बायकोकडे नाही.

"झालं?" धोंडुबाईने मला विचारलं.

"हो."

ती वळली आणि घराकडे चालू लागली. मी येतेय का, नवरा येतोय का, हे तिने पाहिलं नाही.

जवळच्या वहीतला एक कागद फाडून मी दुरुस्ती लिहिली. मूळ आकडा, खरा आकडा, चूक कोणाची, नमुना निर्दोष, तारीख, सही. शिक्का नाही, तो मलकापूरहून पाठवते, असं सांगून कागद हरिबांच्या हातात दिला. मग वडाप जिथे थांबतं त्या फाट्यावर येऊन उदयसिंह सरांना फोन केला आणि त्यांनाही तेच सांगितलं.  "उद्या ये, समोरासमोर बोलू," एवढंच म्हणाले. काम राहील की जाईल, ते त्या आवाजावरून कळत नव्हतं.

वडापची वाट बघत मी बाभळीखाली उभी होते. इथवर येताना माझ्या मनात एक अपेक्षा होती, ती मला आत्ता दिसली. कुणीतरी 'जाऊ दे पोरी' म्हणेल, अशी. कुणी म्हणालं नव्हतं. म्हणालं असतं तर मी तेवढंच घेऊन घरी गेले असते.

पावलांचा आवाज आला. हरिबा होते. हातात तो कागद तसाच होता, घडी न केलेला. ते माझ्यापासून चार हातांवर उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत बोलले.

"मी तुला शिव्या द्यायला आलतो."

"द्या."

"येता येता इचार केला." ते थांबले. "तुज्या कागदानं निमित्त दिलं. पर देवळात बसून बोललो मी. कागदावर तिचं नाव नव्हतं. ते मी घातलं."

त्यांनी कागद एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आठ म्हैने एका घरात हाय. एकदा बी तिला म्हणलं न्हाई, कशी धुतलीस ते दाव. तुला म्हाईत नव्हतं बाटली कुणी भरली. मला म्हाईत हुतं ती कशी हाय. तीस वर्सं."

लांबून गाडीची धूळ दिसू लागली. हरिबांनी कागदाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे.

"शिकलीयास तू. सांग, आता घरी जाऊन काय बोलू?"

मला शिकलेलं काही आठवलं नाही. तासाभरापूर्वी धोंडुबाईने मला जे करायला लावलं होतं तेवढंच माझ्यापाशी होतं. "आधी चूक सांगा," मी म्हणाले. "कारण त्यांनी विचारलं तरच."

त्यांनी मान हलवली. गाडी थांबली, मी मागच्या बाकावर दाटीत बसले. तिथून ते वाडीच्या रस्त्याने परत जाताना दिसत होते. गाडीला देवळावरूनच पुढे जायचं होतं, पण ड्रायव्हर आणखी एका प्रवाशासाठी थांबला, त्यामुळे ते आमच्या आधी तिथे पोचले.

मला वाटलं होतं ते सरळ घराकडे वळतील. ते पारापाशी थांबले. गाडी बाजूने गेली तेव्हा ते बसलेल्यांसमोर उभे राहून बोलत होते. काय बोलले ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की कोणी हसत नव्हतं आणि कोंडीबा पारावरून खाली उतरून उभा राहिला होता.